पोपटीबाईंचं आधार कार्ड

"सुरक्षा म्हणजे काय ते मला विचारा!" मुसा सरखोत म्हणाला आणि त्याने बशी टेबलावर अशी आपटली की शेजारच्या माणसाचा चहा घाबरून कपाबाहेर आला. "बावीस वर्षं दोह्याला काढली मी. शेखच्या महालात! मी गेटवर पोचलो की बंदूकवाले बाजूला व्हायचे. आपोआप!"

बंदूकवाले बाजूला व्हायचे हे खरं होतं. का व्हायचे, हे मात्र मुसाने रोह्यात कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

दोह्याहून परत येऊन त्याला तीन वर्षं झाली होती. पहिल्या वर्षी लोक त्याच्या गोष्टी ऐकायला घरी यायचे. दुसऱ्या वर्षी रस्त्यात गाठ पडली तर ऐकायचे. तिसऱ्या वर्षी मुसा लांबून दिसला की लोकांना दुसऱ्या गल्लीतलं काम आठवायला लागलं. साठीचा धडधाकट माणूस, अंगात सफारी, खिशाला दोन पेनं, आणि ऐकायला कोणी नाही! बायको साबिरा तेवढी ऐकायची, पण तीही मिक्सर चालू ठेवून.

अशात रोह्यात बातमी आली. कुठल्याशा लांबच्या बेटावर एक चिमुकला देश आहे, त्याचे राष्ट्राध्यक्ष भारतात येणार आणि दिल्ली-मुंबई आटपून एक दिवस पेण-रोह्याकडे येणार! त्यांचा पणजा म्हणे रोह्याकडचा. सव्वाशे वर्षांपूर्वी बोटीत बसून गेला तो तिकडचाच झाला. त्याची लेक, म्हणजे राष्ट्राध्यक्षांची आजी, मरेपर्यंत बापाच्या तोंडून ऐकलेल्या पोपटीचं वर्णन करायची. म्हणून राष्ट्राध्यक्षांना सकाळी पेणजवळच्या जोह्यात गणपतीचे कारखाने बघायचे होते आणि दुपारी रोह्यात, कुंडलिकेच्या काठी, पोपटी.

रोह्यात पोपटी म्हटली की जनू. जनू म्हणजे मुसाचा शाळेतला दोस्त. नदीकाठी त्याचं शेत, आणि जानेवारीत त्या शेतात लागणारी पोपटी अशी, की खाल्लेला माणूस पुढच्या जानेवारीपर्यंत बोटं हुंगत राहतो. फक्त जनू बोलत नाही. दिवसाला सात-आठ वाक्यं, त्यातली चार बैलाशी.

"जनूला काय बोलता येतंय?" मुसाने कचेरीत जाऊन सांगितलं. "पोपटी तो लावेल. बोलायला मी हाय. सुरक्षेचा अनुभव, इंग्लिश, अरबी, सगळं एकाच माणसात!"

कचेरीतल्या साहेबांनी त्याचं नाव लिहून घेतलं. बहुधा तो लवकर जावा म्हणून.

आठ दिवसांनी पाहुण्या राष्ट्रप्रमुखांच्या जिवाची काळजी घेणाऱ्या दिल्लीच्या खात्याची माणसं रोह्यात उतरली. त्यांच्या प्रमुख होत्या अनिता मेश्राम. मूळच्या भंडाऱ्याच्या. बारीक चणीच्या, शांत, आणि चेहरा असा की त्यावर आनंद आणि दुःख दोघांनाही प्रवेशबंदी असावी. त्यांनी मुसाला विश्रामगृहावर बोलावलं. समोर यादी होती.

"मुसा सरखोत तुम्ही. जनू घरत आले आहेत बाहेर. या तिसऱ्या बाई कुठे आहेत?"

"कोन बाई?"

"पोपटीबाई. यादीत 'जनू व पोपटी' असं आहे. त्यांचं आधार कार्ड आलेलं नाही."

आपण समोरच्याला समजेल असंच बोललं पाहिजे, या विचाराने मुसाने समजावून सांगायला सुरुवात केली.

"मॅडम, पोपटी आत्ता कशी येईल? ती त्याच दिवशी दुपारी."

"वय?"

"पाऊण तास."

मेश्राममॅडमनी मान वर केली.

"म्हणजे तेवढा वेळ लागतो हो! आधी मडक्यात खाली भांबुर्डीचा पाला घालायचा. मग तिला आत भरायची. चांगली दाबून! मग वरून पाला कोंबून तोंड बंद करायचं, उलटी करायची आणि चारी बाजूंनी आग लावायची!"

मेश्राममॅडमनी पेन खाली ठेवलं. दारातला शिपाई दोन पावलं आत आला.

"कोणाला?" त्यांनी विचारलं.

"शेंगांना! वालाच्या! आत बटाटे, अंडी, केळीच्या पानात बांधलेली कोंबडी! मॅडम, पोपटी खायची असते!"

मेश्राममॅडमनी यादीतली 'पोपटीबाई' खोडली आणि 'खाद्यपदार्थ' असं लिहिलं. मग म्हणाल्या, "मडक्यात काय आहे ते कोणत्याही क्षणी उघडून बघता आलं पाहिजे."

हा प्रश्न बाहेर पायरीवर बसलेल्या जनूपर्यंत नेण्यात आला. जनू म्हणाला, "मधी उघडली की मेली." आणि त्याने त्या दिवसाचं बोलणं संपवलं. शेवटी असं ठरलं की मडक्यात जाणारी प्रत्येक वस्तू आधी तपासायची, भरताना खात्याचा माणूस समोर उभा करायचा, आणि एकदा तोंड बंद झालं की कोणी हात लावायचा नाही.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. बिघडलं ते फॉर्ममुळे.

फॉर्म होता बारा पानी. जनू म्हणाला, "तूच भर." मुसाला तेच हवं होतं. दोन दिवस तो फॉर्म घेऊन ओटीवर बसला. येणारा-जाणारा विचारायचा, "काय मुसाभाय, काय चाललंय?" की मुसा म्हणायचा, "गोपनीय हाय!" आणि मग सगळं सांगायचा. जनूच्या डाव्या पोटरीवरचा विळ्याचा वण, मामाचं गाव, चष्म्याचा नंबर, त्याने काही म्हणून सोडलं नाही. चौदा नंबरचा प्रश्न होता: सदर इसमास पूर्वी कधी अटक झाली आहे काय?

इथे 'नाही' लिहिलं असतं तर गोष्ट संपली असती. पण मुसाला आठवलं, विशीत असताना कालव्याच्या पाण्यासाठी पोरांनी रस्ता अडवला होता. पोलिसांची गाडी आली, सगळे पांगले, एकटा जनू बसून राहिला आणि एक दिवस कोठडीत काढून आला. केवढी मर्दुमकी! मुसाने झोकात लिहिलं: 'होय. रस्ता रोखला. पोलिसांसमोर जागचा हलला नाही. अत्यंत निर्भय व हट्टी.'

शिवाय त्याखाली रेघसुद्धा ओढली.

तीन दिवसांनी उत्तर आलं. मुसा सरखोत यांना प्रवेश मंजूर. जनू घरत यांना कार्यक्रमस्थळापासून दोनशे मीटरच्या आत मनाई.

कार्यक्रमस्थळ म्हणजे जनूचं शेत!

मुसा मेश्राममॅडमकडे धावला. "अवो मॅडम, पोपटी लावणारा तोच हाय!"

"तुम्ही लावा. अर्जात तुम्ही लिहिलंय, 'सहायक पोपटीतज्ज्ञ'."

ते मुसाने स्वतःच्या फॉर्ममध्ये लिहिलं होतं खरं. बारा पानं भरताना हात सैल सुटतो!

जनूला सांगायचं काम वाईट होतं. तो बांधावर बसून वालाच्या वेलांकडे बघत होता. मुसाने सगळं सांगितलं, मधेमधे 'प्रोटोकॉल' हा शब्द घालून. जनू ऐकून घेत होता.

"माझ्याच शेतात मला यायला बंदी?"

"दोनच दिवस रे."

"चौदा नंबरला माझं लिवलंस. तुझं काय लिवलंस?"

मुसा खाली बघायला लागला. "माझं 'नाय' लिवलं. मला अटक झाली नव्हती ना."

"तू बी होतास तिथं. रस्त्यावर दगड तूच ठेवलास."

"पन मी पळालो ना, जनू! पळालेल्यांसाठी त्या फॉर्मात रकानाच नाय!"

जनू उठला आणि वेलांना पाणी सोडायला गेला. मुसाला वाटलं, चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. चाळीस वर्षांत जनूने त्या दिवसाचा विषय एकदाही काढला नव्हता, आणि आज काढला तो असा, बांधावर बसल्या बसल्या.

संध्याकाळी मुसा घरी तोंड पाडून बसला. साबिराने मिक्सर बंद केला. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"तुमी पोपटी लावणार?" ती म्हणाली. "तुमाला च्यायचं भांडं सांडशीनं उतरवता येत नाय!"

"बघून तर हाय मी पन्नास वेळा."

"बघून तर मी विमान पन हाय!"

तेवढ्यात दारात जनू. आत न येता उंबऱ्याशी उभा राहून म्हणाला, "पावना सात समुद्रावरून येतोय. तू शेंगा करपवल्यास तर तो म्हनेल, रोह्यात पोपटी येत नाय. ते मला चालायचं नाय. मी पल्याड मेव्हण्याच्या शेतात हुभा राहतो. तिथनं सांगतो."

"फोनवर?"

"फोन बंद करनार हाएत ते. टावेलानं सांगतो. टावेल वर केला की पेटव. गोल फिरवला की मडक्यावर पानी शिंपडून बघ. चर्र झालं की पोपटी झाली. डोक्याला गुंडाळला की आग काढ."

हे जनूचं आयुष्यातलं सर्वात लांब भाषण होतं. साबिराने त्याला चहा दिला. मुसाला फक्त पाणी मिळालं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी जनूचं शेत ओळखू येत नव्हतं. बांधाबांधावर बंदूकवाले, आंब्यावर दुर्बीणवाला, मंडपात गालिचा, आणि मधोमध तीन दगडांवर मडक्याची जागा, तिच्याभोवती चुन्याने आखलेलं गोल. मुसा नव्या सफारीत, गळ्यात पास लटकवून उभा होता. पासवर फोटो असा आला होता की त्याच्यावरूनच माणसाला आत सोडू नये.

पहिली तपासणी बिजलीची. बिजली म्हणजे खात्याची कुत्री. स्फोटक सापडलं की ती भुंकत नाही, नुसती खाली बसते. पाल्याला हुंगून ती पुढे गेली. शेंगांना हुंगून पुढे गेली. बटाट्यांकडे तर तिने बघितलंही नाही. केळीच्या पानातल्या कोंबडीजवळ आली आणि बसली.

शेत रिकामं झालं! अंगावर गादी शिवल्यासारखा पोशाख घातलेला एक जवान आला आणि त्याने लांब चिमट्याने कोंबडी उचलून रेतीच्या खड्ड्यात नेली. दहा मिनिटं तो तिच्यावर ओणवा होता. मग त्याने वायरलेसवर कळवलं, "आलं, लसूण, ओवा, मीठ, हळद. ओवर."

कोंबडी निर्दोष सुटली. बिजली मात्र बसलेलीच. तिला चार जणांनी उचलून नेलं, तरी मान कोंबडीकडेच.

मग मुसाने मडकं भरलं. पाला, मीठ, शेंगा, पुन्हा पाला. कसंबसं जमलं. नदीपल्याड जनूचा लाल टॉवेल वर गेला. मुसाने मडक्याभोवती रचलेला पेंढा आणि लाकडं पेटवली. धूर निघाला. अर्ध्या तासाने वासही सुटला. मुसाची छाती फुगली. आपण उगाच घाबरलो असं त्याला वाटायला लागलं, आणि इथूनच खरी गडबड सुरू झाली.

मेश्राममॅडमचा वायरलेस खरखरला. "पाहुणे जोहे सोडत नाहीयेत. एका मूर्तिकाराकडे बसलेत. मूर्तीचे डोळे आखायला शिकतायत."

"किती वेळ?" मॅडमनी विचारलं.

"पहिला डोळा झालाय."

जोहे ते रोहा म्हणजे चाळीस किलोमीटर, आणि दुसरा डोळा बाकी! पल्याड जनूने टॉवेल गोल फिरवला. मुसाने पाणी शिंपडलं. चर्र! पोपटी झाली होती. जनूने टॉवेल डोक्याला गुंडाळला. आग काढ!

मुसा लाकडं ओढायला वाकला. "थांबा," मेश्राममॅडम म्हणाल्या. "आग पाहुण्यांना दिसली पाहिजे. कार्यक्रमात 'पेटती पोपटी' आहे."

"मॅडम, पाहुन्यांचा अजून एक डोळा हाय! पोपटी करपेल!"

"बदल करायचा तर दिल्लीला विचारावं लागेल."

पल्याड जनूला हे काय कळणार? त्याला दिसत होतं ते एवढंच, की मुसा आगीजवळ दगडासारखा उभा आहे. त्याने टॉवेल डोक्याचा काढून पुन्हा गुंडाळला. पुन्हा काढला, पुन्हा गुंडाळला. मग दोन्ही हातांनी फिरवला. मग बांधावर चढून उड्या मारत फिरवला. जन्मात न बोललेला माणूस टॉवेलाने किंचाळत होता!

आंब्यावरच्या दुर्बीणवाल्याचा आवाज आला. "नदीपल्याड एक इसम. लाल कापड. आपल्या ठिकाणाला खुणा करतोय. आता उड्या मारतोय. ओवर."

पाच मिनिटांत पल्याडून वायरलेस आला. "इसम ताब्यात. नाव जनू घरत, मनाई यादीतला. आणि मॅडम, त्याच्याजवळ एक वस्तू आहे. मातीची. तोंड कोंबून बंद केलेलं. गरम. भोवती राख. उघडायला देत नाही, 'मधी उघडली की मेली' म्हणतो."

जनूने पल्याड स्वतःची पोपटी लावली होती! मुसाच्या हाताचा भरवसा त्याला कितपत होता, ते असं जाहीर झालं.

मुसाचा दोस्त पुन्हा पकडला गेला होता, आणि पुन्हा मुसापायीच. निदान इकडची पोपटी तरी वाचवावी म्हणून मुसाने मागचापुढचा विचार न करता बादली उचलली आणि अख्खी बादली मडक्यावर ओतली.

तासभर तापलेलं मडकं ते!

फाट्!

असा आवाज झाला की कुंडलिकेवरचे बगळे थेट रेवदंड्याच्या दिशेने निघाले. शेतातला प्रत्येक माणूस आडवा झाला. मुसा तर आडवा झालाच, पण त्याच्यावर दोन कमांडो आडवे झाले. आकाशातून वालाच्या शेंगा पडत होत्या. एक अंडं मेश्राममॅडमच्या टोपीवर बसलं. फुटलं नाही. छान उकडलेलं होतं.

फक्त मेश्राममॅडम उभ्या होत्या. त्यांनी अंडं काढून हातात घेतलं, बघितलं आणि सहकाऱ्याकडे दिलं. "नमुना म्हणून ठेवा."

"मॅडम!" कमांडोंच्या खालून मुसा ओरडला. "जनूला सोडा! त्याचा काय दोष नाय! तो मला शिकवत व्हता! मला पोपटी लावता येत नाय, मी खोटं लिवलं!"

"ते आत्ताच दिसलं."

"आनखी सांगतो! मी शेखच्या महालात सुरक्षेत नव्हतो. धुलाईच्या कंपनीची गाडी चालवायचो. रोज चादरी आनायला जायचो, म्हनून गेटवरचे बाजूला व्हायचे!"

"माहीत आहे. तुम्ही फॉर्म भरायच्या आधीच आलं होतं आमच्याकडे."

मुसाने चिखलातून मान वर केली. "मंग मला घेतलात कशाला?"

"'बडबड्या, निरुपद्रवी' असा अहवाल होता."

बावीस वर्षांचं शेखाचं राज्य एका वाक्यात बुडालं! पण मुसाला आता थांबायचं नव्हतं.

"अजून एक हाय. ते नसेल आलं. कालव्याच्या वेळी रस्त्यावर दगड मी ठेवले. गाडी आली तसा मी पळालो. जनू माझी वाट बघत बसून राहिला, मी येईन म्हनून. मी आलोच नाय. चौदा नंबरला माझं बी नाव लिवा!"

मेश्राममॅडमच्या हातातला वायरलेस चालूच होता. पल्याडच्या बाजूने जनूचा आवाज आला, वायरलेसवर बोलताना माणूस ओरडतो तसा.

"चाळीस वर्सं लागली व्हय रे सांगायला?"

आणि शिकवल्याशिवायच त्याने पुढे जोडलं, "ओवर!"

मेश्राममॅडमनी घड्याळ बघितलं. पाहुणे पेण सोडून निघाले होते. शेतात खापऱ्या, चिखल आणि विखुरलेल्या शेंगा होत्या. कार्यक्रमपत्रिकेत पोपटी होती, आणि रोह्याच्या पंचक्रोशीत एकुलती एक तयार पोपटी होती ती पल्याड, संशयास्पद वस्तू म्हणून जप्त.

"वस्तू इकडे आणा," त्या म्हणाल्या. "संशयितासकट."

अशा रीतीने जनू स्वतःच्या शेतात आला. पुढे जीप, मागे जीप, दोन्ही बाजूंना दोन-दोन कमांडो, आणि मधे मांडीवर मडकं घेतलेला जनू. लग्नातसुद्धा त्याची एवढी वरात निघाली नव्हती! मनाई उठवायला वेळ नव्हता, म्हणून तो अटकेतच राहिला. चुन्याच्या गोलात, चार कमांडोंच्या पहाऱ्यात, त्याने मडकं तीन दगडांवर ठेवलं, भोवती चार काटक्या पेटवल्या आणि मुसाकडे बघून म्हणाला, "आता हात नको लावूस."

बारा गाड्या आल्या. राष्ट्राध्यक्ष उतरले. सत्तरीचे, सावळे, काटकुळे, रोह्याच्या बाजारात उभे केले असते तर कोणी वळून बघितलं नसतं. बोटांना अजून जोह्याचा काळा रंग. त्यांच्यामागे त्यांच्या देशाचा सुरक्षाप्रमुख, उभ्या कपाटाएवढा.

जनूने मडकं उतरवलं, पाला काढला आणि केळीच्या पानावर पोपटी ओतली. वाफेचा लोट उठला. भांबुर्डीचा, ओव्याचा, भाजल्या वालाचा वास. राष्ट्राध्यक्षांनी डोळे मिटले. मग त्यांच्या तोंडून मोडकीतोडकी, सव्वाशे वर्षं जुनी मराठी बाहेर आली.

"आजी... सांगे. वाल."

"व्हय," जनू म्हणाला.

राष्ट्राध्यक्षांनी शेंगांकडे हात नेला. कपाटाने तो हात वरच्या वर धरला. "नो, सर."

मुसाने मेश्राममॅडमकडे बघितलं. त्यांनी कार्यक्रमपत्रिका पुढे केली. तिच्यात स्वच्छ लिहिलं होतं: 'पोपटी पाहणे: चार मिनिटे.' खाण्याचं कुठेच नव्हतं. राष्ट्राध्यक्षांचं जेवण त्यांच्या आचाऱ्याने मुंबईहून डब्यात आणलं होतं.

"मंग एवढं सगळं कशासाठी?" मुसा पुटपुटला.

"दिसली पाहिजे ना," मेश्राममॅडम म्हणाल्या.

एका अख्ख्या देशाचा धनी, आणि त्याला एक शेंग सोलून खायची सोय नाही! त्यांनी हात मागे घेतला, पंगतीतून उठवलेल्या माणसासारखा. मग जनूपाशी गेले आणि त्यांनी त्याचे दोन्ही हात आपल्या दोन्ही हातांत धरले. बराच वेळ. फोटोवाले खूश झाले. कपाट घड्याळ बघत होतं. मग राष्ट्राध्यक्षांनी कोटाच्या खिशात हात घातले, मान लववली आणि ते गाडीत बसले.

धूळ खाली बसल्यावर पोपटी बाकीच्यांनी खाल्ली. कमांडोंनी खाल्ली, गादीच्या पोशाखवाल्याने खाल्ली, मेश्राममॅडमनी उभ्याने खाल्ली आणि दुसऱ्यांदा पान पुढे केलं. बिजलीला कोंबडीचा पाय मिळाला. जनूने मुसासमोर शेंगांची मूठ ठेवली. "खा. पळून दमला असशील," तो म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी हसला.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, मुसाचा फोन वाजला. जनू वालाच्या शेंगा द्यायला आला होता, तो ओटीवर बसला होता. साबिरा आत होती.

"मेश्राम बोलतेय, दिल्लीहून. एक औपचारिक चौकशी आहे. पाहुण्यांची गाडी धुताना मागच्या सीटखाली वालाच्या शेंगांची सालं सापडली. सात. भाजलेली. त्यांच्यापर्यंत शेंगा पोचल्या कशा, तुम्हाला काही माहीत आहे?"

मुसाने जनूकडे बघितलं. जनू छपराकडे बघत होता. ते लांबलेलं हस्तांदोलन मुसाच्या डोळ्यांपुढून पुन्हा गेलं, दोन्ही हातांनी धरलेले दोन्ही हात, आणि नंतर कोटाच्या खिशात गेलेले.

दोन देशांची सुरक्षा खाती, बारा गाड्या, आंब्यावरचा दुर्बीणवाला, बिजली, या सगळ्यांच्या नाकासमोरून जनूने राष्ट्राध्यक्षांना पोपटी चारली होती! मुसाच्या जन्मातली ही पहिली खरी गोष्ट. ऐकायला अख्खा रोहा लोटला असता. ती त्याच्या जिभेवर आली, दातांवर आपटली, ओठांपर्यंत पोचली.

"नाय मॅडम," तो म्हणाला. "मला काय ठाऊक नाय."

पलीकडे कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. "बरं. मग मी 'मूळ अज्ञात' लिहिते. शेंगा कधीपर्यंत मिळतात हो तिकडे?"

"फेब्रुवारी संपेपर्यंत."

"माझी रजा आहे पुढच्या आठवड्यात," मेश्राममॅडम म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

आतून साबिराने विचारलं, "कुनाचा वो फोन?"

मुसाने एकदा जनूकडे बघितलं, मोठा श्वास घेतला आणि तो तसाच गिळला.

"राँग नंबर गो," तो म्हणाला.